नवसाच्या कोंबड्याचा शास्त्रशुद्ध आहार

२३ सप्टेंबर १९५६, रविवार. दुपार.

पितृपक्षात लोक कावळ्याची वाट बघतात. आमच्याकडे कोंबडा आला. सासूबाई त्याला काखोटीला मारून प्रभादेवीहून लालबागपर्यंत चालत आल्या. ट्रामच्या कंडक्टरने चढू दिलं नाही म्हणे. मी कंडक्टरच्या बाजूने आहे.

कोंबडा साधा नाही, नवसाचा आहे. माझा मेहुणा उत्तम ऑगस्टमध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पकडला गेला, तो अजून आर्थर रोडला आत आहे. मुलगा जत्रेआधी धडधाकट सुटून आला तर गावच्या राखणदार देवाला तांबडा कोंबडा देईन, असं सासूबाई बोलून बसल्या. कोंबडा अंगाने भरलेला हवा. रोडका दिला तर राखणदार नवस घेत नाही, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो, अशी त्या गावची समजूत. त्यांच्या खोलीशेजारी एक बोका आहे. म्हणून जत्रेपर्यंत कोंबडा आमच्या गॅलरीत, टोपलीखाली.

मी सासूबाईंना म्हटलं, निश्चिंत राहा, तो आता सुशिक्षित माणसाच्या हाती आहे. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आनंद झाला असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

कोंबड्याबरोबर एक पुरचुंडीही आली आहे. सोडून बघितली तर चौपाटीची जाडी रेव आणि शिंपल्यांचा चुरा. दाण्याबरोबर थोडी थोडी घाला, असा हुकूम. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कोंब्याच्या पोटात जातां आसता, जावयबापू, रेव नाय तर तां दळतलां कशान.

कोंबड्याच्या पोटात जातं. उद्या म्हणतील डोक्यात पाटा-वरवंटा आहे. बाईमाणसाशी वाद नको म्हणून हो हो म्हणालो आणि त्यांची पाठ वळल्यावर पुरचुंडी खाली गटारात रिकामी केली. शेजारच्या गुणाजीच्या तीन कोंबड्या धावत आल्या आणि ती घाण वेचून खाऊ लागल्या. ज्याची त्याची पातळी.

२४ सप्टेंबर.

ऑफिसात कोंबड्याविषयी बोललो नाही. साहेबांनी मला हेडक्लार्क करायचं जवळजवळ ठरवलं आहे, अशा वेळी माणसाने जपून असावं.

२५ सप्टेंबर. रात्री जेवणानंतर.

भातात खडा. उजवीकडची दाढ अर्धी गेली. आमच्या सौ. कांताला विचारलं, तांदूळ निवडतेस की नुसते कुरवाळतेस. ती म्हणाली, वाण्याकडून पायलीमागे पसाभर खडेच येतात, त्यातला एक तुमच्या वाट्याला आला तर एवढं काय. माझी दाढ गेली आणि ही हिशोब करते आहे.

मात्र मोठे शोध असेच लागतात. माझ्यासारख्या बत्तीस दात असलेल्या (आता साडेएकतीस) माणसाला एक खडा सोसत नाही, तर एकही दात नसलेल्या कोंबड्याला किती त्रास होत असेल. हा विचार आजवर कुणाच्याच मनात कसा आला नाही.

निश्चय: आजपासून या घरात कुठल्याही जिवाच्या पोटात खडा जाणार नाही.

२७ सप्टेंबर.

सकाळी सूप घेऊन गॅलरीत बसलो आणि कोंबड्याची ज्वारी स्वतः निवडली. मग धुतली. मग पंचावर वाळवली. ऑफिसला लेटमार्क. गुणाजी पहिली पाळी करून गिरणीतून परतल्यावर मी काय केलं ते चाळीने त्याला सांगितलंच. तो दारात उभा राहून म्हणाला, रामभाऊ, कोंबड्यासाठी ज्वारी निवडणारा माणूस मी गिरणगावात पहिलाच बघतोय. मी म्हटलं, पहिला कुणीतरी असावाच लागतो.

३० सप्टेंबर, रविवार.

दादरच्या लायब्ररीतून कुक्कुटपालनाचं एक सरकारी चोपडं आणलं. पहिलं प्रकरण ‘स्वच्छता’. वाचताना अंगावर रोमांच आले, सगळे माझेच विचार. खुराडे स्वच्छ, पाणी स्वच्छ, दाणे स्वच्छ. दुसरं प्रकरण ‘पचनसंस्था’. त्यात चित्रं फार आहेत आणि चित्रांची पुस्तकं मी चौथीत सोडली. नंतर वाचू.

कांता म्हणाली, सगळं वाचा ना. तिला वाचनाची पद्धत माहीत नाही. हुशार माणूस पहिल्या प्रकरणावरून पुस्तक ओळखतो.

३ ऑक्टोबर.

संध्याकाळी मोर्चा होता. गुणाजी हाक मारायला आला. जायचं पक्कं ठरवलं होतं, टोपीसुद्धा घातली होती. नेमकं पोट बिघडलं. ऑगस्टमधल्या मोर्च्यालाही बिघडलं होतं, नाहीतर उत्तमबरोबर मीही आत असतो आणि दोन कोंबडे पाळावे लागले असते. माझ्या पोटाचं आणि या आंदोलनाचं काय वाकडं आहे ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

गॅलरीतून मोर्च्याला पूर्ण पाठिंबा दिला.

७ ऑक्टोबर, रविवार.

यश. कोंबडा टुणटुणीत. तुरा लालभडक, आवाज खणखणीत, वाण्याच्या तराजूत घालून बघितला तर वजन पहिल्यापेक्षा थोडं जास्तच. पंधरा दिवस एकही खडा पोटात नाही आणि प्राणी हा असा.

चाळीच्या जिन्यावर पाच-सहा मंडळी बसली होती, त्यांच्यापुढे दोन शब्द बोललो. म्हटलं, आपण कोंबड्यांना मागास ठेवलं आहे. शेकडो वर्षं त्यांना माती-दगड खायला लावले आणि वरून म्हणतो, त्यांना तेच आवडतं. गुणाजी म्हणाला, आमच्या मालकाचंही आमच्याबद्दल हेच मत आहे. सगळे हसले. विषय गंभीर असताना हसणं ही आपल्या समाजाची खोड आहे.

सासूबाईही आल्या होत्या. कोंबडा बघून खूष झाल्या. रेव घातलात मां, म्हणाल्या. मी म्हटलं, काय काय घालतो ते बघतच राहाल. हे खोटं बोलणं नव्हे.

११ ऑक्टोबर.

डायट वाढवला. ज्वारी पुरे, आता अख्खे हरभरे आणि शेंगदाणे, सगळे निवडून, धुऊन. कांता म्हणाली, भरडून तरी द्या. मी म्हटलं, भरडण्याने सत्त्व जातं.

१४ ऑक्टोबर, दसरा.

सोनं वाटायला बाहेर पडणार तोच कोंबड्याला भिंतीचा गिलावा खाताना पकडलं. अधाशासारखा टोचून टोचून पोपडे काढत होता. व्यसन. आधीच्या घरी लागलेलं व्यसन असं सहज सुटत नाही, हे मी समजू शकतो, मीही पाच वेळा विडी सोडली आहे. पण इथे सहानुभूती कामाची नाही. गॅलरीची भिंत खालून दोन हातांपर्यंत वर्तमानपत्रांनी मढवली. गुणाजीने येऊन सगळे अग्रलेख वाचले आणि म्हणाला, आता कोंबडा समितीच्या बाजूचा होणार.

१७ ऑक्टोबर.

माझ्या शर्टाचं शिंपल्याचं बटण खाल्लं. ऑफिसात दिवसभर गळ्याशी हात धरून बसलो. साहेबांनी विचारलं, घसा धरलाय का. हो म्हणालो. मग आवाजही तसाच काढावा लागला.

१९ ऑक्टोबर.

एक चमत्कारिक गोष्ट. हरभरे खाली जसेच्या तसे पडतात. अख्खे. कुठे चीर नाही, ओरखडा नाही. कांता नाक मुरडत म्हणाली, तुमचं धान्य याच्या आतून फिरायला जाऊन परत येतं.

तिला यात दोष दिसतो. मला यात शुद्धतेचा पुरावा दिसतो. जे इतकं स्वच्छ आत गेलं ते तितकंच स्वच्छ बाहेर येणार.

२२ ऑक्टोबर.

पहाटेचं आरवणं बंद झालं. चाळीतल्या लोकांची झोपमोड थांबली. शिस्त लागली म्हणायची.

२४ ऑक्टोबर.

दाणे खातो, पण गळ्याखालची पिशवी दुसऱ्या दिवशीही तशीच टम्म. हात लावला तर आत हरभरे जाणवतात. बाकी अंग मात्र हलकं वाटतं. पिसं फुगवून बसतो, डोळे मिटून. मी याला चिंतन समजत होतो. कांता म्हणाली, तो मरायला टेकलाय. बायकांना प्रत्येक गोष्टीचा शेवटच आधी दिसतो.

दूध-पोळी कुस्करून दिली. बघितलं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार.

सासूबाई आल्या. चेहरा उजळलेला. उत्तमच्या वकिलाने सांगितलं, पोरगा आठवड्याभरात सुटेल. साखर घेऊन आल्या होत्या. कांताच्या हातावर घातली, माझ्या हातावर घातली आणि टोपली उचलून कोंबड्याला मांडीवर घेतलं.

मग त्यांचा हात त्याच्या छातीवर थांबला. कांताने मला नंतर सांगितलं की छातीचं हाड सुरीसारखं वर आलं आहे. मला दिसत नव्हतं, कारण पिसं फुगलेली असतात. सासूबाईंनी दोन-तीनदा चाचपून बघितलं. मला वाटलं आता आवाज चढवतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.  पण त्या कोंबड्याला तसंच मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग कांताला म्हणाल्या, पोरगो सुटता आसा आणि देवाक देऊक माझ्याकडे ह्यां आसा. दुसरा कोंबडा चालत नाही. बोललेला एकच.

मला फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं. जेवणही गेलं नाही. मग विचार केला की दोष पद्धतीचा नसून या विशिष्ट कोंबड्याचा असू शकतो, तेव्हा थोडी डाळ-भाताची घासभर इच्छा झाली.

२९ ऑक्टोबर.

ऑफिसला दांडी. चोपड्याचं दुसरं प्रकरण वाचलं.

पक्ष्यांना दात नसतात, असं सुरुवातीलाच म्हटलं आहे. हे मला माहीत होतं. दाणा आधी गळ्याजवळच्या पिशवीत भिजतो, मग एका लहान पोटात त्याला पाचक रस लागतो, मग तो दुसऱ्या पोटात जातो. हे दुसरं पोट म्हणजे जाड, दणकट स्नायूंची गोळी. मटणवाल्याकडे कलेजीबरोबर पेटा म्हणून मिळतो तोच. मी तो आवडीने खातो आणि तो कशाला असतो याची मी कधी चौकशी केली नाही. त्यात पक्ष्याने गिळलेले खडे असतात. पेटा आवळतो आणि सुटतो, खडे एकमेकांवर घासतात, मधला दाणा भरडून निघतो. लेखकाने पुढे लिहिलं आहे: ‘सारांश, पक्षी आपले जाते पोटात वागवितो.’

जाते. सरकारी खर्चाने छापलेलं पुस्तक आणि त्यात माझ्या सासूबाईंची भाषा.

पुढे असंही आहे की शिंपल्याचा चुरा आतल्या आत विरघळून जातो, त्यातून चुना मिळतो, पण दळायला गारेसारखा कठीण खडाच लागतो. तो आठवडेच्या आठवडे पेट्यात राहतो, झिजत जातो, बारीक झाला की बाहेर पडतो. म्हणून नवा द्यावा लागतो. न दिल्यास आधीच्या खड्यांवर पक्षी काही काळ चांगला राहतो आणि पुढे अख्खा दाणा न पचून खंगतो.

म्हणजे सात तारखेला मी जिन्यावर व्याख्यान दिलं तेव्हा कोंबडा सासूबाईंच्या रेवेवर चालला होता. हा परिच्छेद मी दोनदा वाचला. पुस्तकाची छपाई फार वाईट आहे.

तरी एक मुद्दा उरतो. त्यांना नुसतं माहीत होतं. कारण मला समजलं. दोन्हींत फरक आहे.

३१ ऑक्टोबर.

निश्चय: कोंबड्याला उद्यापासून खडे. पण वाटेल ते नाहीत. कांता म्हणाली, खाली उतरा, मूठभर रेती उचला आणि घाला, आताच्या आता. याच घिसाडघाईने आपला देश मागे राहिला. चोपड्यात गारेचा कठीण खडा, दाण्याच्या मापाचा, असं स्पष्ट आहे. नाक्यावर ट्रामच्या रुळांच्या दुरुस्तीसाठी काळी खडी येऊन पडली आहे. उत्तम माल. मोठे मोठे तुकडे आणायचे, घरी खलबत्त्यात फोडायचे, पिठाच्या चाळणीने चाळून तीन मापं वेगळी करायची. काम एका दिवसाचं.

उद्या द्वैभाषिक राज्य सुरू होणार म्हणून हरताळ आहे. ऑफिस बंद, ट्राम बंद, नाक्यावर चिटपाखरू नसणार. याहून चांगली वेळ मिळणार नाही. गुणाजी काळे झेंडे घेऊन निघणार आहे, मला चला म्हणाला. पोट बिघडलेलं आहे हे त्याला सांगून ठेवलं.

३ नोव्हेंबर. (वही घरी आहे. हे चण्याच्या पुडीच्या कागदावर लिहितो आहे, नंतर वहीत चिकटवायचं.)

मी आत आहे.

१ तारखेला सकाळी नाक्यावर गेलो. कोणी नव्हतं हे खरं. खडीच्या ढिगावर बसून एकेक तुकडा उन्हात धरून बघत होतो, ठिसूळ नको म्हणून. कोटाचे दोन्ही खिसे भरले, धोतराचा ओचा भरला. तेवढ्यात एका बाजूने काळ्या झेंड्यांचा मोर्चा आला आणि दुसऱ्या बाजूने पोलिसांची गाडी. मोर्चेवाल्यांच्या हातात नुसते झेंडे. त्या सबंध नाक्यावर दगड बाळगून उभा असलेला माणूस एकटा मी.

फौजदाराने विचारलं, हे कशाला. मी खरं ते सांगितलं. कोंबड्याच्या पोटात दात नसतात, म्हणून दळायला. तो म्हणाला, एवढा मोठा धोंडा कोंबडा गिळतो काय. मी म्हटलं, घरी फोडणार होतो, चाळणार होतो. चाळणी कुठे आहे, म्हणाला. चाळणी घरी होती. माझ्याविरुद्ध सगळ्यात वाईट पुरावा म्हणजे मी रुमालाने पुसून चकचकीत केलेले तीन दगड.

गुणाजी मोर्च्यात होता. त्याने मला गाडीत चढताना पाहिलं आणि टोपी काढून घोषणा दिली. तो सुटला. मी पकडला गेलो.

६ नोव्हेंबर.

इथे वीस-पंचवीस सत्याग्रही आहेत. सगळे मला मान देतात. दगडवाला म्हणून ओळखतात. पहिल्या दिवशी कोंबड्याची गोष्ट सांगितली तर त्यांना वाटलं, मी साथीदारांची नावं लपवतोय. पक्का माणूस आहे, असं एकमेकांत बोलले. मग मीही खुलासे करायचं सोडून दिलं. दिवसेंदिवस मला स्वतःलाही वाटायला लागलं आहे की त्या दिवशी माझा विचार निव्वळ कोंबड्याचा नव्हता.

आज उत्तम भेटायला आला. काल सुटला म्हणे. मी ज्याच्या सुटकेसाठी कोंबडा पोसत होतो तो गजांच्या बाहेर आणि मी आत. त्याने विचारलं, भावजी, कुठल्या तुकडीत होता. मी म्हटलं, स्वतंत्र तुकडी.

कोंबड्याचं विचारलं. आई घेऊन गेली, एवढंच म्हणाला.

९ नोव्हेंबर.

दिवाळी आत गेली. इथल्या भातात वाण्याच्या भातापेक्षा जास्त खडे आहेत. आश्चर्य म्हणजे माझं पोट एकदाही बिघडलेलं नाही.

शेजारच्या कोठडीतली दोघंजणं माझ्यानंतर आली आणि सुटूनही गेली. माझा कागद वर कुठेतरी थांबला आहे, असं हवालदार म्हणतो. मोठ्या केसचे कागद सावकाशच हलतात.

१४ नोव्हेंबर, बुधवार. घरी.

सुटलो. पुराव्यातले दगड परत करतो म्हणाले, नको म्हटलं.

चाळीच्या दारात गुणाजीने हार घातला. पन्नासेक माणसं होती. दोन शब्द बोला, म्हणाले. बोललो. त्यागाविषयी. कोंबड्याचा उल्लेख टाळला, कारण मोठ्या लढ्यात असे तपशील वगळावे लागतात. कांता गर्दीच्या मागे उभी होती. पदर तोंडाशी धरलेला. भरून आलं असेल. हसल्यासारखंही दिसत होतं, पण लांबून नीट कळत नाही.

ऑफिसातून चिठ्ठी आलेली आहे. हेडक्लार्कच्या जागेवर दुसऱ्याला घेतलं. देशासाठी एवढं चालायचंच.

१८ नोव्हेंबर, रविवार.

प्रभादेवीला जाऊन आलो. कोंबडा बघितला. ओळखू येईना. छाती भरलेली, मान चकाकणारी, मला बघून आधी टोपलीआड गेला आणि मग त्वेषाने आरवला. सासूबाईंनी पहिले दोन दिवस गळ्याची पिशवी तेल लावून चोळली, मऊ भात भरवला, नंतर रेव आणि कण्या. बोक्यासाठी उत्तम काठी घेऊन बसतो. बाकी काही नाही. पुस्तक नाही, चाळणी नाही.

मी वस्तुस्थिती समजावून सांगितली. म्हटलं, महिनाभर शुद्ध आहाराने आतली यंत्रणा स्वच्छ झाली होती, म्हणून तुमची रेव एवढी लागू पडली. श्रेय दोघांचं आहे. सासूबाई म्हणाल्या, चाय घेतल्यात काय. मी घेतला.

२० नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

सासूबाई आणि उत्तम जत्रेला निघाले. पोचवायला कांता आणि मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोटीला वेळ होता. सासूबाईंचं सामान माझ्याजवळ होतं. एक वळकटी, टोपलीत कोंबडा, आणि फडक्यात वेगळा बांधलेला, हळदकुंकू लावलेला एक नारळ.

मी कांताला विचारलं, नारळ कशाचा. ती म्हणाली, तुमच्या नवसाचा. आई तुमच्यासाठीही बोलली होती, तुम्ही आत असताना.

लिहायला संकोच वाटतो, पण मी खिशात रुमाल शोधू लागलो. नऊ वर्षं या घराचा जावई आहे आणि मला कायम वाटत आलं की सासूबाईंच्या लेखी मी कुणीच नाही. त्यांचा जो काही जीव तो उत्तमवर. आणि इथे या बाईने माझ्यासाठी राखणदारापुढे हात जोडले होते. मुलाला कोंबडा आणि जावयाला नारळ हा फरक मनात आला, नाही असं नाही. पण तो मी तिथल्या तिथे गिळला. म्हटलं, माणसाने मोठं व्हावं. पुढे झालो, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, तुमच्यामुळे मी सुखरूप सुटून आलो.

सासूबाई गोंधळल्या. उत्तम समुद्राकडे बघायला लागला. कांताने माझी बाही ओढली, पण तोवर मी विचारून बसलो होतो की नेमकं काय बोलला होतात.

सासूबाई साधी बाई. देवाच्या गोष्टीत खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, मी गाऱ्हाणां घातलंय, म्हाराजा, माझ्या जावयाक आत कोणी मारूचां नाय, दोन वेळ पोटभर जेवक घालूचां, पण कोंबो अंगान भरेपर्यंत तेका भायर सोडूचां नाय.

धक्क्यावर बरीच गर्दी होती. सगळे आपापल्या सामानात होते. मी विचारलं, मग. त्या म्हणाल्या, मग काय, आयकल्यान मां.

भोंगा झाला. उत्तमने वळकटी आणि टोपली घेतली. नारळ राहिला होता, तो मीच उचलून त्यांच्या हातात दिला. चांगला पाणीदार होता.